उघडझाप न करणारा दिवा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा असलो आणि समोरून येणाऱ्या मोटारीनं ब्रेक लावला की माझी नजर आजही आधी तिच्या उजव्या दिव्याकडं जाते. बायको म्हणते, "रिटायर झालात अल्वा? मत्ते काय बघत उभं राहता?" अल्वा म्हणजे 'नाही का' आणि मत्ते म्हणजे 'मग', आमच्या म्हैसूरच्या मराठीत कन्नड असं मिसळतं. मी काय बघतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती सवय एका केसनं लावली, आणि त्या केसचा मला अभिमान आहे. तो लपवून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

मी तेव्हा म्हैसूर शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. बोगादी आजच्यासारखं भरलेलं नव्हतं. शहर संपलं की थोडी घरं, मग शेतं, आणि मधूनच उजवीकडं वळणारी एखादी गल्ली. आमचं घराणं मूळचं म्हैसूरच्या सिलेदारांचं, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणाऱ्या स्वारांचं. घोडा गेला, चाकरी गेली, पण तलवार घरात राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला घरी तिला गंध लावायचं आणि तसाच ठाण्यात जाऊन बंदुका, बेड्या, टाइपरायटर आणि जीप यांच्या पूजेला उभं राहायचं, असा माझा नेम होता. ठाण्यातल्या जीपला झेंडूचे हार आणि बंपरला केळीचे खुंट बांधले की ती लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

त्या वर्षी दसरा होऊन दोन दिवस झाले होते. बंदोबस्तानं सगळ्यांचे पाय सुजले होते. दिवेलागणीच्या सुमाराला बोगादी रस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशी, सायकलवरून घरी निघालेल्या एका नर्सला पांढऱ्या मोटारीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. मोटार थांबली नाही. ती मुलगी बेशुद्ध होती आणि डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते.

जागेवर महजर केला. आमच्याकडं पंचनाम्याला महजर म्हणतात. सायकलचं वाकलेलं चाक आणि डाव्या हेडलाइटच्या काचेचे तुकडे, एवढंच हाती लागलं. साक्षीदार दोन. एक नारळ विकणारी बाई. ती गल्लीच्या थोडं पुढं, येणाऱ्या मोटारींकडं तोंड करून बसायची. दुसरे एका कॉलेजातले लेक्चरर, मोटारीच्या मागं स्कूटरवर असलेले. बाईनं सांगितलं की मोटारीनं गल्लीकडचा, म्हणजे उजवा सिग्नल दिला होता. लेक्चरर म्हणाले, सिग्नल बिलकूल दिला नव्हता, नुसता ब्रेक मारला, तोही डावीकडचाच लाल दिवा धड लागला. गाडी वळली की सरळ गेली हे दोघांनाही नीट दिसलं नाही. सायकल पडल्याबरोबर दोघांचेही डोळे त्या मुलीकडं गेले, आणि मातीच्या रस्त्यावर धुरळा उठला होता. आमच्या दफेदारानं, म्हणजे हेडकॉन्स्टेबलनं, दोन्ही जबाब लिहून घेतले आणि म्हणाला, "सार, दोघांतला एक खोटं बोलतोय."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. त्या गल्लीत राहणाऱ्या, शाळेची मुलं नेणाऱ्या पांढऱ्या मोटारीची डाव्या हेडलाइटची काच नवी आहे, ती बघा, एवढं बोलून फोन ठेवला.

त्या मोटारीच्या चालकाला सगळी मुलं ड्रायव्हरमामा म्हणत. मीही इथं त्यांना तेच म्हणतो. पन्नाशीचे, इस्त्रीच्या खाकी कपड्यातले, मिशी राखलेले गृहस्थ. सकाळ-संध्याकाळ मुलांना शाळेत पोचवायचं आणि आणायचं, यावर त्यांचं घर चालायचं. मोटार बघितली तर काच खरोखरच नवी. डाव्या मडगार्डला एक जुना पोचाही होता. आमचे सर्कल इन्स्पेक्टर म्हणाले, उजवा सिग्नल दिला, म्हणजे गल्लीत वळला, गल्लीत पांढरी मोटार एकच, आणि काच बदललेली. आता आणखी काय पाहिजे?

मोटार जप्त झाली, लायसन्स ठेवून घेतलं. गुन्हा जामिनाचा होता, म्हणून मामा संध्याकाळी घरी गेले. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते ठाण्यात यायचे, कंपाउंडात उभ्या असलेल्या आपल्या मोटारीवरची धूळ फडक्यानं पुसायचे आणि समोरच्या बाकावर बसायचे. पालकांनी दुसरी गाडी लावली होती. ज्याच्या हातून एक मुलगी मेल्यासारखी पडली आहे त्याच्या हाती आपलं मूल कोण देणार? आरोपपत्र गेलं असतं तर लायसन्स गेलं असतं, आणि त्या वयात त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

चौकशीला मी त्यांना आत बोलावलं. आडनावावरून आणि चेहऱ्यावरून मी ओळखलं होतं की तेही माझ्यासारखे मराठीच. मी मराठीत विचारलं, "मामा, खरं काय ते सांगा. काच कशी फुटली?"

त्यांनी दाराकडं बघितलं. दफेदार तिथं उभा होता. मग ते कन्नडमध्ये म्हणाले, "सार, माझ्याशी मराठीत बोलू नका. मी सुटलो तर लोक म्हणतील, त्यांचाच माणूस, सोडला. मला तसं सुटायचं नाही."

मी नंतर त्यांच्याशी कन्नडमध्येच बोललो. पोलिसाला आरोपीबद्दल आदर वाटू नये असा काही नियम नाही, आणि त्या क्षणी मला तो वाटला, हे मी उघड सांगतो.

आदर वाटला तरी प्रश्न सुटत नाही. काच कशी फुटली? ते म्हणाले, दगड उडाला. कुठं उडाला? रस्त्यावर. कुठल्या रस्त्यावर? आठवत नाही. मी इतक्या वर्षांत एक गोष्ट बघितली आहे. सराईत माणूस खोटं सांगताना तपशील भरपूर देतो. ज्याला सवय नाही तो एकाच शब्दाला चिकटून बसतो. मामा दगडाला चिकटून बसले होते. म्हणजे खोटं होतं, पण ते अपघाताचं खोटं वाटत नव्हतं. मी चहा मागवला आणि काही न विचारता बसून राहिलो.

चहा संपल्यावर ते हळूच म्हणाले, "नारळ लागला, सार."

आयुधपूजेच्या दिवशी त्यांनी मोटार धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि समोर दगडावर नारळ आपटला. जोर जास्त झाला. करवंटीचा तुकडा उडून थेट डाव्या हेडलाइटवर बसला आणि काच तडकली. पूजेच्या नारळानं पूजेच्याच गाडीचा डोळा फोडला. यापेक्षा वाईट शकुन कुठला? अंगणात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. बायकोला सांगितलं असतं तर तिनं वर्षभर गाडीला हात लावू दिला नसता. पालकांच्या कानावर गेलं असतं तर आणखी पंचाईत. म्हणून मामांनी वर हार ओढून काच झाकली, दसरा होऊ दिला, सुटी संपून दुकानं उघडल्यावर, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, मार्केटजवळच्या दुकानातून काच आणली आणि परसात बसून स्वतःच्या हातानं बसवली. घरच्यांना पत्ता लागू दिला नाही.

मला हसू आलं, पण ते मी आवरलं. सर्कलसाहेबांनी मात्र ते आवरलं नाही. "नारळानं फुटली? काय हो, तुमच्या लोकांत अशा गोष्टी सांगतात का?" त्यांचा 'तुमच्या लोकांत' मला लागला. त्यांनी सोमवारी आरोपपत्र पाठवायला सांगितलं. मी "हो सर" म्हणालो आणि सरळ नारळवालीकडं गेलो.

तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि तिच्याच जागेवरून रस्ता बघितला. म्हटलं, अम्मा, सिग्नल लागला तो कसा लागला ते सांगा. ती म्हणाली, पिवळा. मोठा होता? नाही, मिणमिणता. किती वेळा उघडझाप झाली?

ती म्हणाली, "उघडझाप नाही झाली, सार. लागला तसाच राहिला. तेल संपत आलेल्या दिव्यासारखा."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं?"

तिचं बरोबर होतं. दफेदारानं सिग्नल म्हटल्यावर सिग्नल लिहिलं होतं.

तिथून मी लेक्चररांच्या घरी गेलो. ते जरा चिडलेलेच होते, कारण आपल्याला खोटं ठरवलं जातंय अशी कुणकुण त्यांना लागली होती. म्हटलं, सर, मागचा उजवा लाल दिवा अजिबात लागला नव्हता का? त्यांनी डोळे मिटून आठवलं. "अगदी विझलेला नव्हता. मंद होता. आणि शेजारचा पिवळाही किंचित पेटल्यासारखा वाटला, पण ते मी बोललो नाही. मला वाटलं, माझ्या चष्म्याचं काही असेल."

मी त्यांच्या जिन्यातच थांबलो. फौजदार होण्याआधी मी जिल्हा पोलिसांच्या मोटार विभागात होतो, आणि तिथं हाताला ग्रीस लावून न घेणाऱ्यांपैकी मी नव्हतो. हा आजार मी ओळखत होतो.

सांगायला सोपं आहे. विजेला आत यायला जशी तार लागते तशी बाहेर पडायला वाट लागते. मोटारीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. मागच्या दिव्यांतून एक तार निघते आणि स्क्रूनं पत्र्याला आवळलेली असते, तिला इंग्रजी शब्दानं 'अर्थ', म्हणजे अर्थिंगची तार, म्हणतात. तो स्क्रू सुटला की ब्रेकच्या दिव्यातली वीज आपल्या दारानं बाहेर पडू शकत नाही. मग ती शेजाऱ्याच्या घरातून वाट काढते, म्हणजे इंडिकेटरच्या बल्बमधून. तिथून त्याच बाजूच्या पुढच्या इंडिकेटरमधून ती बाहेर जाते. वाटेतले सगळे दिवे मंद पेटतात. ब्रेक दाबून ठेवला आहे तोवर उजवा पिवळा दिवा पुढं आणि मागं मिणमिणत राहतो, आणि उघडझाप करत नाही.

म्हणजे दोन्ही साक्षीदार खरं बोलत होते. चालकानं सिग्नल दिलाच नव्हता, नुसता ब्रेक दाबला होता. ज्या उजव्या वळणावर सर्कलसाहेबांनी सगळी केस उभी केली होती, ते वळण घ्यायचं त्याच्या मनातही नसावं.

रविवारी दिवेलागणीला मी सर्कलसाहेबांना ठाण्याच्या कंपाउंडात बोलावलं. दोन पंच, नारळवाली आणि लेक्चरर होते. आमची जीप समोर उभी केली, तिच्यावरचे हार वाळून कडक झाले होते. मी स्वतः खाली बसून मागच्या उजव्या दिव्याचा अर्थचा स्क्रू काढला आणि दफेदाराला ब्रेक दाबायला सांगितलं. पुढचा उजवा पिवळा दिवा मिणमिणत पेटला.

"हौदु, होय," नारळवाली म्हणाली. "असाच होता."

मागं उभे असलेले लेक्चरर म्हणाले, "अगदी हेच." त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. चष्मा निर्दोष ठरला होता.

मग मामांची मोटार पुढं घेतली. ब्रेक दाबला. मागं दोन्ही लाल दिवे सारखे लख्ख, पुढं काही नाही. सर्कलसाहेब म्हणाले, "दुरुस्त केलं असेल." मी त्यांना मागचा दिवा उघडून स्क्रू दाखवला. तो पत्र्याला गंजानं असा धरला होता की वर्षानुवर्षं त्याला कुणी पाना लावलेला नाही हे पंचांनाही दिसलं. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. ते हट्टी होते, पण डोळ्यांनी दिसलेलं नाकारणारे नव्हते. म्हणाले, "आरोपपत्र थांबवा. ती मोटार शोधा."

मामा बाकावर बसून सगळं बघत होते. ते उठले, मोटारीच्या मागच्या दिव्याची काच परत नीट बसली आहे ना हे बघितलं, आणि घरी गेले.

मोटार शोधायची कशी? तेव्हा शहरातल्या बहुतेक मोटारी एकाच जातीच्या आणि पांढऱ्याच. मी फोनपासून सुरुवात केली. मामांनी काच परसात बसवली, बायकोलाही सांगितलं नाही. मग फोन करणाऱ्याला कळलं कसं? काच विकत घेताना ज्यानं बघितलं त्यालाच ते ठाऊक असणार.

मार्केटजवळचा दुकानदार पावत्याबिवत्या ठेवणारा नव्हता, पण त्याला मामा आठवत होते. "हो, आणि त्यांच्या शेजारी दुसरं एक गिऱ्हाईक होतं. त्यालाही डावीच काच पाहिजे होती. मी म्हटलं, आज काय सगळ्यांचे डावेच डोळे गेले का? तर ते काही हसले नाहीत. त्यांची गाडी बाहेर होती. तिला दसऱ्याची बल्बची माळ अजून लोंबत होती." माणूस कोण ते त्याला माहीत नव्हतं. नंजनगूडच्या बाजूला त्याचा कारखाना आहे, एवढं बोलण्यातून कळलं होतं.

बल्बची माळ ऐकली आणि उरलेलं कोडंही सुटलं. दसऱ्यात सगळं शहर दिव्यांनी मढतं, मग हौशी लोक मोटारीलाही माळ लावतात. तिला वीज लागते, ती मागच्या दिव्यातून घेतात, आणि त्यासाठी हात पहिल्यांदा अर्थच्या स्क्रूवरच जातो. पूजेसाठी गाडी सजवली आणि सजवताना तिचा दिवाच बिघडवला. मामांचा नारळ आणि या गृहस्थांची माळ, दोन्ही एकाच दिवसाचे.

आम्ही नंजनगूड रस्त्यावर, कारखाने सुटायच्या वेळेला, नाकाबंदी लावली. प्रत्येक पांढरी मोटार थांबवायची, मी समोर उभं राहायचं आणि चालकाला म्हणायचं, ब्रेक दाबा. लोकांना वाटलं पोलिसांना वेड लागलंय. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "सुम्ने, उगीच ब्रेक कशाला दाबायचा? थांबलोय की." पहिल्या संध्याकाळी काही मिळालं नाही, आणि दफेदार माझ्याकडं दयेनं बघू लागला. दुसऱ्या संध्याकाळी एक मोटार थांबली, मालक स्वतः चालवत होते. मी म्हटलं, ब्रेक दाबा. त्यांनी दाबला, आणि उजवा पिवळा दिवा मिणमिणत पेटला.

सेवेत मला पदकंही मिळाली आहेत. पण त्या मंद दिव्याकडं बघताना छाती जशी भरून आली तशी ती पदकं घेताना भरून आली नव्हती.

मागच्या दिव्याजवळ माळेच्या तारेचा तुटका तुकडा होता. डाव्या हेडलाइटची काच नवी होती आणि डाव्या मडगार्डवर ताजा रंग. मालकांचा आवाज शांत होता, कपडे पांढरेशुभ्र. म्हणाले, कारखान्याच्या फाटकाला घासली. मी वाद घातला नाही. ठाण्यात नेलं, दुकानदाराला बोलावलं, त्यानं ओळखलं. तरी ते म्हणाले, काच घेणं हा गुन्हा आहे का?

मग मी मामांना आत बोलावलं. मामांनी त्यांच्याकडं बघितलं आणि चेहरा उजळला. कन्नडमध्येच म्हणाले, "हे? यांनीच तर माझी काच उजेडाला धरून बघितली. बारीक तडा होता. म्हणाले, ही परत करा, दुसरी घ्या. भले माणूस आहेत, सार."

त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मी कारखानदारांना विचारलं, "यांच्याबद्दल ठाण्यात फोन कुणी केला?"

ते मामांकडं बघू शकले नाहीत. टेबलावरच्या माझ्या टोपीकडं बघत राहिले, आणि मग विचारलं, "ती मुलगी जगली का?"

"जगली. कालच शुद्धीवर आली."

त्यांनी चेहरा हातांत धरला आणि सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर नातेवाइकांना बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला बोगादीच्या पुढं निघाले होते. सायकल दिसली, ब्रेक दाबला, उशीर झाला होता. थांबायचं होतं, पाय थांबला नाही. काच घेताना मामांनी आपली गल्ली सांगितली, तेव्हा सुटायची वाट दिसली. रंग खरवडल्यावर खाली सायकलचा हिरवा रंग निघाला आणि जागेवरचे काचेचे तुकडे त्यांच्याच गाडीत सापडलेल्या उरलेल्या काचेला जुळले. कोर्टात त्यांनी गुन्हा नाकारला नाही. ती नर्स थोडी लंगडत का होईना, पुन्हा कामावर गेली.

मामांना मी मोटार आणि लायसन्स परत दिलं. मी कन्नडमध्ये म्हटलं, इथं सही करा. त्यांनी सही केली, किल्ली घेतली, मान लववली आणि गेले. आभार मानले नाहीत. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

या केसनं मला काय शिकवलं असं नव्या पोरांनी विचारलं तर मी सांगतो की दोन साक्षीदारांचं जुळत नसेल तर लगेच एकाला खोटं ठरवू नका. आधी दोघांच्या जागेवर जाऊन उभे राहा, आणि त्यांनी काय बघितलं ते त्यांच्याच शब्दांत ऐका, आपले शब्द त्यात घालू नका. दोघेही खरं सांगत असतील असं धरून चाललं की गाडीतला बिघाड सापडतो. मी पुढं मोठ्या हुद्द्यांवर गेलो, मोठे गुन्हे उघडकीला आणले, पण ही गोष्ट मला त्या मंद पिवळ्या दिव्यानं शिकवली.

पुढच्या वर्षी आयुधपूजेला ठाण्यात बंदुका मांडल्या होत्या, जीपला हार घातले होते. तेवढ्यात फाटकातून एक पांढरी मोटार आत आली, मुलांनी खच्चून भरलेली. मामा उतरले. मुलांना सावलीत उभं केलं, मोटार आमच्या जीपशेजारी लावली, लिंबं ठेवली. मग खांद्यावरचा टॉवेल काढून दोन्ही हेडलाइटवर नीट पांघरला आणि नारळ माझ्या हातात दिला. सर्कलसाहेब होते, दफेदार होता, सगळं ठाणं उभं होतं. मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत मराठीत म्हणाले, "फोडा की ओ राव. आता कोण काय म्हणंल आमाला?"